ऊन तुटलं, तर जोडणार कोण?

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि मुलगा चार. परवा संध्याकाळी पाऊस पडतानाच ऊन आलं आणि समोर मोठं इंद्रधनुष्य उमटलं. मुलीने विचारलं, "हे कसं झालं?" शाळेतलं आठवत होतं तेवढं मी सांगितलं, की पावसाच्या थेंबातून जाताना सूर्याचा प्रकाश तुटतो आणि त्याचे सात रंग होतात. ती गप्प झाली. मग रडवेली होऊन म्हणाली, "ऊन तुटलं, तर जोडणार कोण?" तेवढ्यात दोघांचं भांडण जुंपलं. ती एका खोलीच्या खिडकीत, तो दुसऱ्या. ती म्हणे, इंद्रधनुष्याचं टोक झाडावर टेकलंय. तो म्हणे, झाडावर नाही, झाडाच्या बाजूला. दोघांनी मला साक्षीला बोलावलं. रंग मोजायला सांगितले तर तिला पाचच दिसले. मी म्हटलं, नीट बघ, सात असतात. "ते वाकडं का आहे?" यावर तर माझ्याकडे उत्तरच नव्हतं. शेवटी "मोठी झालीस की कळेल" म्हणून सुटका करून घेतली आणि तेच मनाला लागून राहिलं आहे. इतक्या लहान मुलांना हे खरं खरं सांगता येतं का? की तूर्त एखादी गोष्ट रचून सांगावी?
ता. क. झोपताना ती विचारत होती, रात्री इंद्रधनुष्य असतं का? तेही मला सांगता आलं नाही.
– एक आई

उत्तर : हो, सांगता येतं. खरं तेच, आणि चार वर्षांच्या मुलालाही पोचेल असं. फक्त सुरुवात कुठून करायची ते बदलावं लागतं. आपण मोठी माणसं थेंबापासून सुरू करतो, कारण पाठ्यपुस्तकात थेंबाची आकृती असते. एक रेघ आत जाते, वळते, मागे आपटते, बाहेर येते. मुलांनी थेंबाच्या आत कधी डोकावलेलं नसतं. स्वतःची सावली मात्र त्यांनी रोज पाहिलेली असते, तिच्या मागे धावून झालेलं असतं, तिच्यावर पाय देऊन झालेला असतो. मी बरीच वर्षं लहान मुलांना हे समजावते आहे. सावलीपासून सुरुवात केली की पुढचा रस्ता सोपा होतो, असा माझा अनुभव आहे.

पण त्याआधी तिचं रडू. तुमचं बोलणं तिला कळलं नाही असं मुळीच नाही. उलट तिने ते शब्दशः ऐकलं. तिच्या जगात जे तुटतं ते वाईटच असतं. खेळणं तुटतं, पेन्सिलीचं टोक तुटतं, आणि तुटलेलं बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. मग ऊन तुटलं म्हणजे केवढं नुकसान! आपण सहज म्हणून जातो, प्रकाश फुटतो, त्याचे तुकडे होतात. हे शब्द तिच्यापुरते बाजूला ठेवा आणि "सुटा होतो" म्हणा.

सात रंगांचे लोकरीचे धागे घ्या आणि तिच्यासमोर त्यांची एक जाड वेणी घाला. आता वेणी सोडा. धागे सुटे झाले, एकही तुटला नाही. ऊन म्हणजे अशीच रंगांची वेणी आहे आणि पावसाचा थेंब ती सोडतो. एक फरक मात्र तिला मोकळेपणाने सांगून टाका, की धाग्यांची वेणी रंगीबेरंगीच दिसते, उन्हाची वेणी मात्र पांढरी दिसते. सगळे रंग एकत्र डोळ्यात शिरले की आपल्याला पांढरं दिसतं. हे मुलांना विचित्र वाटतं, आणि वाटू द्यावं, कारण ते विचित्रच आहे.

"जोडणार कोण?" याचंही खरंखुरं उत्तर आहे. आयझॅक न्यूटनने १६६६ च्या सुमारास अंधाऱ्या खोलीत उन्हाचा एक कवडसा घेतला, काचेच्या लोलकातून पाठवून त्याचे रंग सुटे केले, आणि मग ते सुटे रंग भिंगाने पुन्हा एकत्र आणले. पुन्हा पांढरा उजेड! म्हणजे तुमच्या मुलीने विचारलं तेच त्याने करून पाहिलं होतं. तिला हे जरूर सांगा. शिवाय हेही सांगा की पावसाने कितीही ऊन सुटं केलं तरी ते संपत नाही. सूर्याकडून नवं ऊन अखंड निघत असतं, आणि आत्ता तिच्या हातावर पडलेलं ऊन सूर्यावरून साधारण ८ मिनिटांपूर्वी निघालेलं आहे. माझ्या माहितीतल्या लहान मुलांना हे वाक्य फार आवडतं. ती हाताकडे बघत बसतात.

आता सावली. इंद्रधनुष्य दिसलं की मुलांना पहिला प्रश्न विचारायचा, "तुझी सावली कुठे पडली आहे?" सूर्य कुठे आहे असं विचारू नका, कारण मग मुलं वळून थेट सूर्याकडे बघतात आणि ते डोळ्यांना घातक आहे. सावली विचारली की काम भागतं. सूर्य नेहमी सावलीच्या उलट बाजूला, म्हणजे पाठीमागे. आणि इंद्रधनुष्य नेहमी सावलीच्या बाजूला. एकदाही याला अपवाद नाही. पाठीवर ऊन, समोर पाऊस, आणि आपण मधे. खिडकीतून बघताना सावली जमिनीवर दिसत नसेल, तर "आपण बाहेर उभे असतो तर डोक्याची सावली कुठे पडली असती" एवढा अंदाज पुरे.

मग हात लांब करायचा, पंजा ताणायचा आणि डोक्याच्या सावलीपासून दोन विती मोजायच्या. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक, मग तिथून पुढे दुसरी. इंद्रधनुष्याचा तांबडा काठ साधारण तिथेच सापडतो. पुस्तकात याला ४२ अंश म्हणतात. हात पूर्ण लांब केलेला असला की ताणलेली वीत साधारण २० अंशांची होते, म्हणून दोन विती. गंमत अशी की मुलाचा पंजा लहान तसा त्याचा हातही आखूड, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाच्या दोन वितीही जवळपास तितक्याच भरतात. वर मोजा, डावीकडे मोजा, उजवीकडे मोजा, तिरकं मोजा. प्रत्येक वेळी दोनच विती. असं चार-पाच दिशांनी मोजून झालं की "वाकडं का?" याचं अर्धं उत्तर मुलांच्या हातातच आलेलं असतं. एका जागेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर काय असतं? गोल!

उरलेलं अर्धं उत्तर छत्रीने द्या. छत्री उघडून ढालीसारखी पुढे धरा, मूठ हनुवटीजवळ आणि काठी थेट आपल्या डोक्याच्या सावलीकडे रोखलेली. आता छत्रीचा काठ दिसतो ना, गोल? इंद्रधनुष्य म्हणजे तो काठ. छत्री खऱ्या कोनापेक्षा लहानमोठी असेल, त्याने बिघडत नाही. आकार कळणं महत्त्वाचं. काठीचं टोक सावलीकडे, म्हणजे खाली झुकलेलं, त्यामुळे छत्रीचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग जमिनीकडे जातो. तिथे थेंब पुरेसे नसतात, मधेच जमीन येते, म्हणून आपल्याला फक्त वरची कमान दिसते. खरं इंद्रधनुष्य पूर्ण गोल असतं. विमानातून खाली पाऊस आणि पाठीमागे सूर्य असा योग आला तर तो अख्खा गोल दिसतो. पुढे ती विचारेलच, की मग कधी मोठी कमान आणि कधी छोटी का? सूर्य जितका खाली तितकी सावली लांब, काठी तितकी आडवी, आणि कमान तितकी उंच. सूर्य मावळतीला टेकला की बरोबर अर्धा गोल. सूर्य वर चढत गेला की कमान खाली बुडत जाते, आणि तो ४२ अंशांच्या वर गेला की जमिनीवर उभ्या माणसाला पावसात इंद्रधनुष्य दिसतच नाही. मुलांसाठी याची खूण अगदी सोपी आहे. सावली आपल्या उंचीपेक्षा थोडी तरी लांब हवी. सावली आपल्याहून बुटकी असेल तर आकाशात शोधूच नका.

आता त्या भांडणाकडे येते. ताई म्हणून नाही, साक्षीदार म्हणून सांगते की दोघंही खरं बोलत होते. प्रत्येकाची सावली वेगळी, मग प्रत्येकाची छत्री वेगळी, आणि प्रत्येकाच्या छत्रीचा काठही वेगळ्या थेंबांवर पडलेला. दोन खिडक्यांत चार पावलांचं अंतर असेल, तर जवळच्या झाडाच्या मानाने दोघांची इंद्रधनुष्यंही तितकीच सरकलेली असणार. म्हणून तिला टोक झाडावर दिसलं आणि त्याला झाडाच्या बाजूला. पुढच्या वेळी दोघांना खिडक्या अदलाबदल करायला सांगा. तिला आपलं टोक सरकलेलं दिसेल आणि भावाचं म्हणणं पटेल. अगदी नेमकं बोलायचं तर आपल्या उजव्या आणि डाव्या डोळ्याला रंग पाठवणारे थेंबसुद्धा वेगवेगळे असतात.

मला वाटतं, इंद्रधनुष्याबद्दल लहान मुलाला एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगावी. सात रंगांच्या नावांपेक्षा ही मोठी आहे. इंद्रधनुष्य झाडासारखं किंवा खांबासारखं कुठे तरी उभं नसतं. ऊन, पाऊस आणि बघणारा डोळा, हे तिन्ही ठरावीक जागी आले की ते दिसतं, आणि डोळा हलला की तेही हलतं. त्याच्याकडे धावलं तर ते पुढे सरकतं, कारण आपली सावलीही आपल्याबरोबरच येते. मुलांना हे सांगताना "म्हणजे ते खोटं आहे" असं चुकूनही सुचवू नका. ऊन खरं, थेंब खरे, डोळ्यात शिरलेले रंग खरे. फक्त "कुठे आहे?" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकासाठी वेगळं.

एवढं झालं की मग थेंबाकडे जाता येतं. चार वर्षांच्या मुलाला याची अजून गरज नाही. त्याला "ऊन पाठीमागून येतं, पाऊस त्याचे रंग सुटे करतो आणि आपल्याकडे परत पाठवतो" एवढं पुरेसं आहे, आणि यातलं एकही अक्षर त्याला पुढे पुसावं लागणार नाही. मुलीला मात्र थोडं पुढे न्या.

पाण्याच्या पेल्यात पेन्सिल तिरकी ठेवा. पाण्यात शिरते तिथे ती वाकल्यासारखी दिसते. पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे पाऊणपट होतो, आणि तिरकं आत शिरताना वेग बदलला की त्याची वाट वळते. सगळे रंग सारखे वळत नाहीत. तांबडा सगळ्यात कमी, जांभळा सगळ्यात जास्त. वेणी सुटते ती अशी. मग हे रंग थेंबाच्या मागच्या बाजूला पोचतात आणि तिथून काही उजेड परत फिरतो. हे दाखवायला रात्रीची खिडकी उत्तम. घरात दिवा आणि बाहेर अंधार असला की काचेत आपला चेहरा दिसतो, आणि तरी बाहेर उभ्या माणसालाही आपण दिसतो. म्हणजे काचेने थोडा उजेड परत पाठवला आणि थोडा बाहेर जाऊ दिला. थेंबाची मागची बाजू हेच करते. बऱ्याच ठिकाणी इथे सगळाच्या सगळा प्रकाश परत फिरतो असं लिहिलेलं दिसतं, ते बरोबर नाही. बराचसा मागून निघून जातो. जो परत फिरतो तो पुढून बाहेर पडताना पुन्हा वळतो आणि रंग आणखी पसरतात. हा उजेड आल्या दिशेला परत येतो, म्हणूनच इंद्रधनुष्य बघायला सूर्याकडे पाठ करावी लागते.

चित्र काढताना एक काळजी घ्या. मुलांच्या पुस्तकांत पावसाचा थेंब वर टोकदार आणि खाली फुगीर काढतात. पडणारा छोटा थेंब गोल असतो. मोठा थेंब खालून थोडा चपटा होतो, पण टोक कुठल्याच थेंबाला नसतं. हे इथे महत्त्वाचं आहे, कारण थेंब गोल असल्यामुळेच त्याला डावं-उजवं, वर-खाली असं काही नसतं. कुठल्याही बाजूला तो तांबडा रंग त्याच कोनात सगळ्यात जोरात परत पाठवतो. म्हणून तर सगळीकडे सारख्याच दोन विती. थेंबात शिरलेले किरण तसे वेगवेगळ्या कोनांत बाहेर पडतात, पण ४२ अंशांजवळ त्यांची दाटी होते. हे गणिताने पहिल्यांदा नीट मांडलं ते फ्रेंच गणितज्ञ रने देकार्तने, १६३७ मध्ये. दाटीच्या आतल्या बाजूलाही थोडे थोडे किरण येतात, बाहेरच्या बाजूला येत नाहीत. म्हणून कमानीच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा उजळ दिसतं. एकदा कुणी दाखवलं की हे न दिसणं अशक्य, पण दाखवेपर्यंत बहुतेकांच्या लक्षात आलेलं नसतं. मुलीला विचारून बघा, "आत जास्त उजेड आहे की बाहेर?"

आता एक जागा अशी आहे जिथे मोठी माणसंही अडखळतात. एका थेंबातून सगळे रंग बाहेर पडतात, पण त्यातला एकच आपल्या डोळ्यात येतो. तांबडा जरा जास्त उतारावरून खाली येतो, ४२ अंशांनी. जांभळा जरा कमी उतारावरून, ४० अंशांनी. शंभर मीटर लांबच्या एखाद्या थेंबाचा तांबडा तुमच्या डोळ्यात आला, तर त्याच थेंबाचा जांभळा तुमच्या डोक्यावरून तीन-चार मीटर उंचीवरून निघून जातो. तुम्हाला जांभळा मिळतो तो त्याच्या खालच्या दुसऱ्या थेंबाकडून. म्हणून तांबडा वर आणि जांभळा खाली. एका थेंबाच्या आकृतीत जांभळा वर निघताना दिसतो आणि आकाशात तो खाली असतो, हे कोडं असं सुटतं. एकेक थेंब एकेक रंग, आणि असे असंख्य थेंब मिळून एक पट्टा.

पण थेंब तर पडत असतात, सेकंदाला कित्येक मीटर. मग इंद्रधनुष्य पडत का नाही? हा प्रश्न तुमची मुलगी अजून विचारायची आहे, पण ती विचारेल. यासाठी जिना वापरा. सात पायऱ्यांना वरून खाली रंगांची नावं द्या, ता-ना-पि-हि-नि-पा-जा. तांबडी, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी, पारवी, जांभळी. मुलं थेंब होऊन उतरतील आणि ज्या पायरीवर पाय पडेल त्या रंगाचं नाव मोठ्याने म्हणतील. एक उतरला की मागून दुसरा. तुम्ही खाली उभ्या राहून बघा. थेंब बदलत राहतात, पायऱ्या जागेवर. प्रत्येक थेंब पडता पडता सगळे रंग दाखवून जातो, आणि त्याची जागा लगेच वरून येणारा दुसरा घेतो. पाऊस थांबला की पायऱ्यांवर उतरायला कुणी उरत नाही, म्हणून इंद्रधनुष्य जातं. हा खेळ तुमचा धाकटाही खेळेल आणि त्यालाच जास्त कळेल असा माझा अंदाज आहे.

रंगांच्या संख्येबद्दल मात्र मी मुलीच्या बाजूने आहे. तिला पाच दिसले, तर पाच. इंद्रधनुष्यात एक रंग संपून दुसरा सुरू होतो अशी रेघ कुठेच नसते. तांबड्यातून नारिंगी, नारिंगीतून पिवळा असा तो सरकत जातो. स्वतः न्यूटनने आधी पाचच मुख्य रंग मोजले होते आणि नंतर नारिंगी आणि पारवा धरून सात केले, संगीतातल्या सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून. शाळेत सात विचारतील तेव्हा ती सात लिहील. जिन्याच्या खेळात ते पाठही होतील. पण डोळ्यांनी पाहिलेलं चुकीचं आणि पाठ केलेलं बरोबर, ही सवय सहाव्या वर्षी लागू नये असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वेळी "सात असतात, नीट बघ" ऐवजी "तुला किती दिसतात?" असं विचारा. थेंब बारीक असले तर पट्टे फिके आणि रुंद होतात. धुक्याच्या अगदी इवल्या थेंबांत तर रंग एकमेकांत मिसळून जवळपास पांढरी कमान दिसते. त्या दिवशी कुणी "एक" म्हणालं तर तेही खरंच असेल.

पावसाची वाट बघायची नसेल तर झाडांना पाणी घालायचा पाइप किंवा बारीक फवारा उडवणारी बाटली घ्या. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी हे सगळ्यात सोपं जातं. सूर्य खाली असताना, त्याच्याकडे पाठ करून, समोर शक्यतो गडद भिंत किंवा झाडी असू द्या. डोक्याच्या सावलीपासून दोन विती बाहेर फवारा मारा. भर दुपारीही जमतं, फक्त तेव्हा फवारा खाली, पायांच्या बाजूला मारून तिथे बघावं लागतं. मुलांच्या हातात पाइप द्याच. आपण धरला की ती नुसती बघतात, आणि त्यांनी धरला की इंद्रधनुष्य त्यांनी केलेलं असतं. दोघंही एकाच फवाऱ्याकडे बघत असली तरी "माझं इथे आहे" आणि "माझं तिथे आहे" हे पुन्हा ऐकू येईल, आणि या वेळी भांडण होणार नाही. भरलेली पाण्याची गोल बाटली किंवा भांडं उन्हात तसंच ठेवून जाऊ नका, ते भिंगासारखं काम करून कागदाला आग लावू शकतं. साबणाच्या फुग्यावर किंवा सीडीच्या मागे दिसणारे रंग सुंदर असतात, पण त्यांचं कारण वेगळं आहे. ते या धड्यात मिसळू नका.

मोठं इंद्रधनुष्य पुन्हा दिसलं, तर त्याच्या बाहेर जरा वर दुसरं फिकं शोधायला सांगा. थेंबात दोनदा परत फिरलेला उजेड ते काढतो, म्हणून ते फिकं, आणि त्यात रंगांचा क्रम उलटा, तांबडा आतल्या बाजूला. दोन कमानींमधलं आकाश जरा काळपट असतं. मुलांना हे दुसरं इंद्रधनुष्य आपल्याआधी दिसतं.

तुम्ही विचारलंत, गोष्ट रचून सांगावी का. गोष्टी खूप सांगा, इंद्राच्या धनुष्याचीही सांगा, ते नावच तसं आहे. पण ती गोष्ट म्हणून सांगा; "कसं झालं?" या प्रश्नाचं उत्तर म्हणून नको. सहा वर्षांच्या मुलीला दोन्हीतला फरक चांगला कळतो. आणि "वाकडं का?" यावर अडलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ॲरिस्टॉटलने ढगावरून उजेड परत फिरतो असं मानलं होतं आणि त्यानंतर सोळाशे वर्षांहून अधिक काळ मोठमोठे विद्वान याच प्रश्नाशी झगडले. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणमधल्या कमाल अल-दीन अल-फारिसीने आणि जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या थिओडोरिकने, एकमेकांची काही माहिती नसताना, जवळपास एकाच काळात काचेच्या गोल भांड्यात पाणी भरलं, हाच एक मोठा थेंब असं मानलं आणि उन्हाची वाट त्यात शोधली. तुमच्या मुलीचा प्रश्न या लोकांच्या रांगेतला आहे. "मोठी झालीस की कळेल" म्हणालात ते ती अजून विसरली नसेल. तिला आज सांगा, "त्या दिवशी मला माहीत नव्हतं. आता आपण बघू या." आणि छत्री काढा.

राहिला ताजा कलम. हो, रात्रीही इंद्रधनुष्य असतं. पौर्णिमेच्या आसपासचा मोठा चंद्र आकाशात खाली असेल, आपल्या पाठीमागे असेल आणि समोर पाऊस पडत असेल, तर चांदण्याचंही इंद्रधनुष्य उमटतं. सगळे नियम तेच, डोक्याच्या सावलीपासून दोन विती, फक्त ही सावली चांदण्यातली. चंद्राचा उजेड फार मंद असतो आणि इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, म्हणून ती कमान पांढुरकी दिसते. रंग मात्र त्यात असतात. कॅमेऱ्याने बराच वेळ उघडा राहून फोटो घेतला की ते उमटतात. तिला एवढं सांगा आणि पुढच्या पौर्णिमेला चांदण्यात तिची सावली शोधायला तिला बाहेर घेऊन जा. पाऊस नसला तरी सावली असेलच.